दुकानात रुजू होण्याआधी

अगं, न्यू जर्सीत ग्रोसरीच्या कॅशवर लागलीस, तेही युनियनच्या दुकानात, हे फार बरं झालं. मी अकरा वर्षं याच कामात आहे, म्हणून सांगते.

पहिल्याच आठवड्यात युनियन आणि दुकान यांच्यातल्या कराराची पुस्तिका मागून घे. प्रोबेशन, ब्रेक, पगारवाढ, सगळं त्यात असतं. प्रोबेशन संपेपर्यंत जपून राहा. तेवढ्यात काढलं तर युनियनला फारसं काही करता येत नाही.

भिंतीवरच्या शेड्यूलचा दर आठवड्याला फोटो काढ. आमच्या करारात तास आधी जुन्यांना द्यायचे असतात, तरी एकदा माझे चार तास माझ्यानंतर लागलेल्या मुलीला दिले होते. फोटो होता, म्हणून स्टुअर्डने, म्हणजे दुकानातल्या युनियनच्या प्रतिनिधीने, ते पैसे मिळवून दिले. तक्रारीला मुदत असते हो, 'बघू नंतर' म्हणू नकोस.

आणि मॅनेजरने ऑफिसात बोलावून चौकशी सुरू केली, त्यातून कारवाई होईल असं वाटलं, तर घाबरून सही करू नकोस. "मला युनियनचा प्रतिनिधी हवा," एवढंच म्हण. ह्यूस्टनच्या वाइनगार्टन स्टोअरमधल्या एका बाईवर चिकनचे पुरेसे पैसे न भरल्याचा आळ आला होता. तिने प्रतिनिधी मागितला, तो दिला नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७५ साली हा हक्क पक्का झाला. पण तो आपण तोंडाने मागावा लागतो. मॅनेजर आपणहून सांगायला बांधील नाही. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींना हे माहीतच नव्हतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

स्टुअर्ड कोण, कुठल्या शिफ्टला असतो, ते उद्याच विचार.