वायफायचा वेग ५४ वरच अडकलाय? आधी सुरक्षेची सेटिंग बघा

पासवर्ड टाकल्याने नेट मंदावतं, हा गैरसमज आधी काढून टाका. एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याचं, काम राउटरची चिप करते. डब्ल्यूपीए२ एईएस या सुरक्षा प्रकाराने वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. वेग खातात ते जुने प्रकार, म्हणजे डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी. ८०२.११एन आणि पुढच्या वायफाय मानकांचे वरचे वेग या दोन्हींवर चालतच नाहीत, त्यामुळे लिंक, म्हणजे उपकरण आणि राउटरमधली जोडणी, ५४ एमबीपीएसवर येते आणि हातात जेमतेम २०-२५ पडतात. प्लॅन १०० चा असला तरी!

तपासायचं असं: फोन किंवा लॅपटॉपच्या वायफाय तपशिलात ‘लिंक स्पीड’ बघा. नेमका ५४ किंवा त्याखाली अडकलेला दिसला, तर राउटरच्या तळाशी चिकटवलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा, वायरलेस सिक्युरिटीत जा आणि ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ निवडा. ‘ऑटो’ किंवा ‘टीकेआयपी+एईएस’ नको. सेव्ह केल्यावर एखादं जुनं उपकरण जोडलं गेलं नाही, तर त्यातलं नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. डब्ल्यूपीए३ हा नवा प्रकार असेल तर उत्तमच, पण जुने प्रिंटर त्यावर रुसतात; तेव्हा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

नेटवर्क उघडं ठेवून वेग वाढत नाही, शेजारी मात्र वाढतात. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने पटकन जोडायची सोय, तीही बंद करा.