प्रश्न तुमचे : फिक्सीला क्रँकसेट कोणता?

फिक्सीची (चाकासोबत पेडल सतत फिरणारी, एकाच गिअरची सायकल) फ्रेम आणि मागचं चाक तयार आहे. बीबीचं (क्रँक ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) शेल ६८ मिमी, चाकाच्या मध्यातला हब १२० मिमी रुंदीचा ट्रॅक हब. शुगिनो आरडी-२ आणि स्रॅम ऑम्नियम या क्रँकसेटपैकी (पेडलचे दांडे आणि पुढची दातेरी चकती) एक घ्यायचा आहे. दोन्हींत चांगला कोणता?

निवड या दोघांत करायची असली, तरी सुरुवात मागच्या चाकापासून करा. क्रँकसेट आवडीनं निवडला आणि चेन तिरकी पळू लागली, तर पैसे वाया. फिक्सीत तर चेन उतरली की मागचं चाक जागीच अडकू शकतं. गिअरच्या सायकलीवर जे नुसतं कटकटीचं, ते इथं धोक्याचं.

आधी मागची चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर, मोजा. चाक काढा आणि फ्रेमला टेकणाऱ्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून कॉगच्या (मागच्या दातेरी चकतीच्या) दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं घ्या. हे अंतर १८ मिमी भरलं, तर हबच्या अर्ध्या रुंदीतून, म्हणजे ६० मधून, ते वजा करायचं. चेनलाइन ४२. ट्रॅक हबांचं प्रमाण हेच आहे; पण ते गृहीत धरू नका, मोजाच. पुढची मोजताना सीटट्यूबच्या पृष्ठभागापासून चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चकतीच्या) दाताच्या मध्यापर्यंत मोजून त्यात ट्यूबचा अर्धा व्यास मिळवा. ट्यूब २८.६ मिमीची असेल तर १४.३ मिळवायचे. दोन्ही आकड्यांत एक मिमीचा फरक चालून जातो. दोनच्या पुढे गेला की चेन घरघरायला लागते आणि दाते एका बाजूनं झिजतात.

आता तुमचे दोन पर्याय. आरडी-२ चौकोनी टेपरचा (निमुळत्या चौकोनी टोकावर बसणारा), जेआयएस या जपानी मापाचा. १०३ मिमीच्या स्पिंडलवर (बीबीतल्या दांड्यावर) तो ४२ च्या आसपास बसतो. त्याची खरी सोय अशी, की चेनलाइन जमली नाही तर स्पिंडल बदलता येतो. दोन्हीकडे सारखा असलेला स्पिंडल २ मिमीनं लांब घेतला, की चेनरिंग १ मिमी बाहेर येते. म्हणजे १०३ ऐवजी १०७ लावला तर २ मिमी. ऑम्नियमचा स्पिंडल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो आणि बेअरिंग शेलच्या बाहेर बसतात. तो कडक आहे, जोर लावल्यावर लवत नाही, आणि काढायला एक ८ मिमीची अ‍ॅलन की पुरते. पण चेनलाइन हलवायला त्यात फारशी जागा नाही.

दुसरा फरक बोल्टच्या वर्तुळाचा, म्हणजे बीसीडीचा. ऑम्नियम १४४ चा, आरडी-२ १३० चा. १४४ वर ४१-४२ दात्यांखाली जाता येत नाही. १३० वर ३८ पर्यंत जाता येतं. चढाच्या रस्त्यांसाठी पुढे ४० दाते हवे असतील, तर प्रश्न तिथेच मिटला. ४६ च्या वरच राहायचं असेल, तर ट्रॅकसाठीच्या चेनरिंग १४४ मध्येच जास्त मिळतात.

चेनलाइन नेमकी ४२ असेल आणि स्किड (पेडल अडवून मागचं चाक घसरवणं), स्प्रिंट यांचा नाद असेल, तर ऑम्नियम. बाकी सगळ्यांना आरडी-२ आणि चांगला सीलबंद बीबी पुरतो, असं आमचं मत. ‘एनजेएस’ शिक्क्यामागे धावू नका. तो जपानमधल्या केरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींत तो भाग चालतो एवढंच सांगतो. तुमच्या फ्रेमवर तो बसेल का, हे सांगत नाही. आणि चेनरिंग क्रँकवर रिव्हेट ठोकून बसवलेले स्वस्त सेट टाळा. दाते झिजले की सगळंच बदलावं लागतं.

क्रँकची लांबी १६५ मिमी की १७०? माझी उंची १८२ सेंमी आहे, म्हणून दुकानदार १७० म्हणतो.

गिअरच्या सायकलीवर त्याचं बरोबर ठरलं असतं. फिक्सीवर वळणात पेडल थांबवता येत नाही, त्यामुळे आतल्या बाजूचं पेडल जमिनीला लागण्याची भीती खरी. हिशेब करून पाहा. बीबीचा मध्य जमिनीपासून २७० मिमी, क्रँक १६५, पेडलची अर्धी जाडी १५. खाली उरले ९०. पेडलची बाहेरची कड सायकलच्या मध्यापासून साधारण १६७ मिमी. सायकल सुमारे २८ अंश झुकली की पेडल टेकलं. क्रँक १७० चा केला तर २७ अंशांतच टेकतं. फरक सुमारे १.३ अंशांचा, पण वळणात तो जाणवतो. तुमचा बीबी २८० वर असेल तर १७० बिनधास्त घ्या. रुंद पेडल लावणार असाल, तर १६५ च बरा.

४८ × १६ (पुढचे × मागचे दाते) लावला आहे. स्किडनं टायर एकाच जागी घासून फाटला. टायर खराब की क्रँक?

दोन्ही नाही, गुणोत्तर. ४८ भागिले १६ म्हणजे ३ भागिले १. अपूर्णांक लहान करून खालचा आकडा जितका, तितक्याच जागांवर टायर घासतो, तुमच्याकडे एकच. कॉग १७ चा केला तर ४८/१७ लहान होत नाही, म्हणून १७ जागा मिळतात. वरचा आकडा विषम असेल आणि दोन्ही पायांनी स्किड करत असाल, तर जागा दुप्पट: ४७ × १७ वर ३४. वेगही फारसा बदलत नाही. ७०० × २५ च्या टायरवर, मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्यांनी, ४८ × १७ ताशी सुमारे ३२ किमी देतो. चेनरिंग तीच ठेवा, फक्त कॉग बदला.

नवीन क्रँक बसवल्यावर चेन अर्ध्या फेरीत तंग, अर्ध्या फेरीत सैल. कॉग बदलू का?

आधी दोषी कोण ते ओळखा. क्रँक दर वेळी त्याच जागी असताना चेन तंग होत असेल, तर चेनरिंग मध्यावर नाही. तंग जागा फिरत असेल, तर कॉग किंवा हब.

चेनरिंगचा दोष असेल तर तिचे बोल्ट सैल करा आणि ती सरकू शकेल एवढेच हातानं टेकवा. क्रँक हळूहळू फिरवत सर्वांत तंग जागा शोधा. तिथे चेनच्या मध्यावर लाकडी दांड्यानं हलकेच टोला द्या. रिंग केसभर सरकते. पुन्हा फिरवा, पुन्हा टोला. दोन-तीन वेळांत जमतं. मग बोल्ट एकाआड एक, चांदणीच्या क्रमानं आवळा. शेवटी सर्वांत तंग जागी चेन मध्यावर वर-खाली मिळून १० मिमी तरी हलली पाहिजे. हे करताना बोटं चेन आणि दात्यांपासून दूर ठेवा. स्टँडवर फिरणारं फिक्सीचं चाक बोट अडकलं म्हणून थांबत नाही.

एकेरी रिंगला छोटे बोल्ट लागतात. दुहेरी रिंगचे लांब बोल्ट लावले, तर बोल्ट-नट एकमेकांत टेकतात आणि रिंग तरीही हलत राहते. पुष्कळदा ‘नवीन क्रँक आवाज करतो’ म्हणतात, ते हेच.

डावा क्रँक वारंवार सैल होतो. दर आठवड्याला आवळतो.

आवळणं थांबवा, क्रँक काढून चौकोनी भोक पाहा. पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) पूर्ण आत फिरवूनच ओढा. अर्धवट बसला तर आटे तासून येतात. भोकाचे कोपरे गोल झाले असतील, तर क्रँक गेला. फिक्सीवर पाय पुढेही दाबतो आणि मागेही, त्यामुळे सैल क्रँक चार दिवसांत खराब होतो. कोपरे धारदार असतील, तर माप तपासा. आयएसओ या दुसऱ्या मापाचा क्रँक जेआयएसच्या स्पिंडलवर सुमारे ४.५ मिमी कमी चढतो. उलट जोडीत तो तितकाच जास्त आत जातो आणि तळाला टेकून पकडच घेत नाही. जोडी बरोबर असेल तर दोन्ही भाग पुसून, टॉर्क पान्यानं ३५ ते ५० न्यूटन-मीटरमध्ये, निर्मात्यानं दिलेल्या आकड्यावर बसवा. अंदाजानं पिळू नका.