‘म्म्हम्म’मधला ‘यू’ नक्की कोण?

तुमचा प्रश्न असा की, रिलायंट के या अमेरिकन बँडचा ‘म्म्हम्म’ (२००४) हा अल्बम तीनदा ऐकला, आवडलाही, पण ‘ख्रिश्चन पॉप पंक’ (म्हणजे वेगवान, गोड चालींचं आणि श्रद्धेबद्दल बोलणारं रॉक) म्हणून सुचवलेल्या या अल्बममध्ये देव कुठे दिसलाच नाही; सगळी ब्रेकअपची गाणी वाटली. मग ही पाटी कशासाठी?

तुमच्या कानाचा दोष नाही. हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी टाकून ठेवलेली याच अल्बममधल्या ‘बी माय एस्केप’ची एमपीथ्री मी वर्षभर प्रेमगीत म्हणूनच ऐकत होते. एका रूममेटसाठी त्याचं मराठी करायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला अडले. इंग्रजी ‘यू’ला लिंग नाही. मराठीत ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवावंच लागतं, क्रियापद चहाडी करतं. ही मुलगी आहे की आणखी कुणी, हे ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकेना. इंग्रजी भजनांच्या छापील पुस्तकांत देवासाठी मोठा ‘वाय’ काढायची रीत आहे, पण मोठं अक्षर कानाला थोडंच कळतं?

याच गाण्याचा शेवट परत ऐका. गिटार-ड्रमचा दंगा थांबतो, पियानो उरतो आणि बँडचा गायक मॅट थीसन म्हणतो की तुझ्याशी इतका काळ भांडलो, तुला आधीच आत घ्यायला हवं होतं. मी आपला जीव वाचवायला धडपडत होतो, आणि तूही तेच करत होतास. ‘तू’ मुलगी धरली तर दोघंही स्वार्थी निघाले, एवढाच अर्थ. ‘तू’ देव धरला तर तोही माझाच जीव वाचवत होता! ओळ एक, गाणी दोन. मधल्या भागात देवाच्या कृपेबद्दल जे येतं ते मात्र सरळ धर्मशास्त्र आहे. कृपा कमावता येत नाही, लायकीप्रमाणे मिळत नाही. त्या अर्थाने ती न्याय्य नाहीच, आणि तेच तिचं सौंदर्य, असं तो गातो. प्रोटेस्टंट घरात वाढलेल्या अमेरिकन पोराला हे रविवारच्या प्रार्थनेतून ओळखीचं असणार. आपल्याला थांबून ऐकावं लागतं.

ही मंडळी ओहायोतल्या कँटनची, १९९८ची. गिटारवादक मॅट हूप्सच्या प्लिमथ रिलायंट के गाडीवरून बँडला नाव दिलं, स्पेलिंगमधलं एक अक्षर तेवढं बदललं. सुरुवातीचे अल्बम देवाबद्दल बरेच उघड आणि बरेच चावट आहेत. थंडरकॅट्स या कार्टूनमधल्या लायन-ओवर गाणं आहे, भीतीदायक अवतारातला रॉक गायक मर्लिन मॅन्सन याने माझी गर्लफ्रेंड खाल्ली असंही आहे. गॉटी ही त्यांची रेकॉर्ड कंपनी टेनेसीतली, तिच्या संस्थापकांत डीसी टॉक या ख्रिश्चन बँडचा टोबी मॅकीहान. म्हणजे गाणी मुख्यतः ख्रिश्चन पुस्तकांच्या दुकानांत आणि चर्चच्या युवागटांत फिरायची. ‘म्म्हम्म’च्या वेळी कॅपिटल ही मोठी रेकॉर्ड कंपनी सोबत आली आणि अल्बम नेहमीच्या दुकानांतही पोचला. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत तो थेट १५व्या क्रमांकावर आला, पुढच्या वर्षी गोल्ड, म्हणजे ५ लाख प्रती. (प्रकाशन २ नोव्हेंबर २००४ला, अमेरिकेतल्या बुश-केरी निवडणुकीच्याच दिवशी. त्या दिवशी कोण गाणी ऐकत बसलं होतं कोण जाणे.)

यावरून लगेच ‘धंद्यासाठी देव लपवला’ असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. लपवायचंच असतं तर ‘आय सो हेट कॉन्सिक्वेन्सेस’सारखं गाणं ठेवलंच नसतं: पळून जाणारा, ओरडणारा माणूस शेवटी धापा टाकत देवाकडे परत येतो. ‘हू आय ॲम हेट्स हू आय’व्ह बीन’मध्ये आजचा मी कालच्या मीची घृणा करतो. स्वतःला पतित म्हणवून घेत विठ्ठलाला ‘तू’ म्हणणारी संतांची भाषा ज्यांच्या कानावरून गेली आहे, त्यांना हा सूर परका वाटू नये. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात लिहिली, ती इथल्या माणसाच्या ओठांवर काय आहे हे ओळखून. कँटनच्या पोरांच्या ओठांवर तीन कॉर्ड आणि वेगवान ड्रम होते, एवढंच.

मात्र सगळीकडे देव शोधत बसू नका. ‘माय गर्ल्स एक्स-बॉयफ्रेंड’ नावाप्रमाणेच आहे, खोडसाळ आणि गोड. ‘हाय ऑफ ७५’ मनःस्थितीला हवामान म्हणतं. ७५ हे फॅरनहाइट, म्हणजे आपले २४ अंश, मस्त दिवस. नागपूरकरांनी घाबरू नये. ‘मेंटेन कॉन्शसनेस’ मला आजही भरतीचं वाटतं.

तुम्ही बहुधा तुकड्या-तुकड्याने ऐकलंत. आता चौदाही गाणी क्रमाने ऐका. नववं ‘लेट इट ऑल आउट’ संथ आहे म्हणून पुढे ढकलू नका, त्याला लागूनच दहावं ‘हू आय ॲम’ येतं आणि त्या शांततेनंतरच ते खरं आदळतं. शेवटचं ‘व्हेन आय गो डाउन’ तर प्रार्थनाच आहे, तिथे मला ‘तू’बद्दल शंका उरत नाही. बेसवर ब्रायन पिटमन आहे, तीन संस्थापकांपैकी एक. त्याचा या बँडबरोबरचा हा शेवटचा अल्बम.

आवडलं तर थेट २००७च्या ‘फाइव्ह स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो’च्या शेवटच्या गाण्यावर या, ‘डेथबेड’. सुमारे अकरा मिनिटं, मरणपंथाला लागलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य. इतकी वर्षं ज्याला ‘यू’ म्हटलं तो तिथे स्वतः उत्तर देतो, आणि त्यासाठी आवाज दुसऱ्याचा आणलाय: स्विचफूट या बँडच्या जॉन फोरमनचा. हेडफोन लावून ऐका, आणि ‘तू’ कोण वाटला ते इथे येऊन सांगा.