ताबा कुणाचा होता, ते आधी बघ

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. तुझे सीनियर म्हणतात, यूएलसी म्हणजे नागरी जमीन कमाल धारणा कायदाच गेला, जमीन आपोआप परत आली. तलाठी म्हणतो, सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन लागलंय, विषय संपला. या दोघांच्या मधे तू पुण्याच्या त्या जमिनीची रिट लिहायला बसलीस आणि पहिल्या परिच्छेदातच अडलीस. अडणारच. मूळ फाईल तू अजून उघडलेलीच नाहीस.

शहरातली मर्यादेपेक्षा जास्तीची मोकळी जमीन सरकारजमा करणारा हा 1976 चा कायदा; तो रद्द करणारा 1999 चा निरसन कायदा महाराष्ट्रात 29 नोव्हेंबर 2007 ला लागू झाला. त्या दिवशी जमिनीचा प्रत्यक्ष ताबा कुणाकडे होता? तुझी सगळी केस या एका प्रश्नात आहे. कलम 10(3) ची, म्हणजे जमीन सरकारकडे निहित झाल्याची अधिसूचना निघाली आणि ताबाही घेतला, तर जमीन सरकारची. निरसन कायद्याचं कलम 3 ती वाचवतं. अधिसूचना निघाली पण ताबा घेतलाच नाही, तर सरकारचा दावा टिकत नाही. कागदोपत्री निहित होणं वेगळं आणि प्रत्यक्ष ताबा वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हरी राम प्रकरणात स्पष्ट केलंय. यात एक मेख आहे. जमिनीची रक्कम सरकारने चुकती केली असेल, तर ती परत भरल्याशिवाय जमीन मिळत नाही. पुणे ‘ब’ वर्गात, म्हणजे मर्यादा 1000 चौरस मीटर. समज 5000 मीटर मोकळी जागा होती, तर 4000 अतिरिक्त; उत्पन्न नसलेल्या जमिनीला मीटरला जास्तीत जास्त 10 रुपये, म्हणजे फार तर 40,000. हे पैसे कोणी उचलले का, ते अशिलाला आजच विचार. नंतर सरकारी वकील विचारेल तेव्हा तोंडघशी पडशील.

आता फाईल. माहिती अधिकारात सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दे. नुसत्या प्रती मागू नकोस, अवलोकन, म्हणजे फाईल समोर बसून बघणंही माग; टिपणीची पानं प्रतींमध्ये हमखास गळतात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर थेट प्रथम अपील. फाईल हातात आली की कोऱ्या कागदावर तारखांचा तक्ता कर: 6(1) चं विवरणपत्र, 8(3) ची नोटीस, 8(4) चा आदेश, कलम 9 चं अंतिम विवरण, 10(1) आणि 10(3) ची राजपत्रं, 10(5) ची ताबा सोडण्याची नोटीस, 10(6) ची सक्तीने ताबा घेण्याची कारवाई, ताबा पंचनामा. तारखा शेजारी शेजारी आल्या की कच्चे दुवे आपोआप दिसतात. 10(5) मध्ये ताबा द्यायला 30 दिवस असतात. पंचनामा त्याआधीचाच निघाला तर? नोटीस मयत खातेदाराच्या नावे, किंवा सहा हिस्सेदारांपैकी एकालाच? बजावणीचा कागदच नाही?

मग पंचनामा नीट वाच. चतुःसीमा आहेत का? 5000 मधले 4000 नेमके कुठले, ते मोजणीशिवाय कसं ठरवलं? पंच कुठले? सही कोणाची? सायक्लोस्टाइल नमुन्यात गट नंबर तेवढा पेनाने भरलेला असेल, ‘जागा मोकळी आहे’ असं छापलेलं असेल आणि त्याच वर्षीच्या पीक पाहणीत ज्वारी उभी असेल, तर ताबा टेबलावर बसून घेतलाय. आता कळलं, फाईल फाईल का करतो ते?

मला कागदी किडा म्हणतात. म्हणोत. मोठमोठे निवाडे तोंडपाठ असलेली माणसं या पंचनाम्यावर आपटलेली आहेत.

आणि हरी राम हाताशी आहे म्हणून हुरळू नकोस. सरकार सर्वोच्च न्यायालयाचं 2014 चं भास्कर ज्योती शर्मा प्रकरण पुढे करणार: ताबा प्रत्यक्ष गेलेला असेल, तर 10(5) ची नोटीस मिळाली नाही ही तक्रार वाजवी मुदतीत करायला हवी होती, कायदा रद्द झाल्यावर नाही. म्हणून ‘नोटीस नाही’ हा तुझा मुख्य मुद्दा होऊच शकत नाही. मुख्य मुद्दा ताबा. 2007-08 चा गाव नमुना बारा, घरपट्टी, वीजबिल, विहिरीची नोंद, जे असेल ते लाव. फेरफाराला घाबरू नकोस, त्याने मालकी ठरत नाही. पण तो कोणत्या कागदावरून धरला ते बघ, कारण त्यातच पंचनाम्याची तारीख सापडते.

कलम 20 ची सूट असेल, म्हणजे सरकारने अटी घालून जास्तीची जमीन मालकाकडेच ठेवू दिली असेल, तर गणित वेगळं. तिथे ताब्याचा वाद उपयोगाचा नाही, सूट आदेशाच्या अटी निरसनानंतरही मागे लागतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात तशी नोंद दिसली तर आधी मला कळव.

तारखांचा तक्ता, पंचनाम्याची नक्कल आणि मोजणीचा नकाशा घेऊन ये. नकाशा फाईलमध्ये नसेल, तर ‘नकाशा उपलब्ध नाही’ असं कार्यालयाकडून लेखी घे. तोवर याचिकेचा मसुदा मला दाखवू नकोस.