समेटाचा संदेश ओळखताना

बाळा, परवा प्रार्थनेनंतर तू विचारलंस, जगाच्या शेवटच्या काळाबद्दल कुणी देवाचा संदेश म्हणून सांगितला, तर तो खरा कसा ओळखायचा?

आधी बायबलमधलं मलाखी 4:5-6 उघड. परमेश्वराचा मोठा व भयंकर दिवस येण्यापूर्वी एलीया संदेष्टा येईल, असं तिथं आहे. येऊन करणार काय? बापाचं मन लेकरांकडं आणि लेकरांचं बापाकडं फिरवणार, म्हणजे समेट घडवणार. युद्ध-भूकंपाच्या बातम्या जुळवत बसणारे हे वचन विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तारीख सांगणाऱ्याच्या नादी लागू नकोस. मत्तय 24:36 पुरे आहे, तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पण संदेश झिडकारूही नकोस. 1 थेस्सलनीका 5:20-21 पारख करायला सांगतं. मी एवढंच बघतो: ख्रिस्ताकडं नेतोय का, वचनाशी जुळतोय का, आणि बोलणारा स्वतः कुणाची क्षमा मागतो का. समेट म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं नव्हे, हेही ध्यानात ठेव.

करवीर तालुक्यात आमचं रान आहे. उसाच्या बांधावरून थोरल्या भावाशी माझा अबोला होता. एका घरगुती प्रार्थनेत मंडळीतली एक म्हातारी बहीण मला म्हणाली, “अर्पण राहू दे, आधी भावाकडं जा.” मत्तय 5:23-24 च ते. अर्पणाचं पाकीट खिशातच ठेवून उठलो, एसटी धरली. दादा गुऱ्हाळावर होते. काही बोलले नाहीत. गरम काकवीची वाटी तेवढी पुढं सरकवली.