छोट्या युद्धनौकांवर नवी शस्त्रे: वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांच्या पत्रांत एकच गैरसमज सतत दिसतो: क्षेपणास्त्रं वाढली की नौका बलवान झाली. म्हणून या विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

'वीर' वर्गाच्या जुन्या नौकांवर चार क्षेपणास्त्रं होती. त्याच वर्गातल्या 'प्रबल'वर सोळा कशी मावली? (वाशी)

वजनामुळे. जुनं टर्मिट क्षेपणास्त्र अडीच टनांच्या घरात, तर 'प्रबल'वरचं उरान क्षेपणास्त्र साधारण सहाशे किलोंचं. जुन्याच नौकेत चार महिन्यांत बदल करून 'प्रबल' तयार केली, हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. माझगाव गोदीत 'प्रबल' बांधतानाच उरान आणि ७६ मिलिमीटरची नवी तोफ गृहीत धरली होती. ती २००२ साली नौदलात आली.

उरानचा पल्ला १३० किलोमीटर. म्हणजे नौकेला तेवढ्या लांबचा शत्रू दिसतो ना? (ठाणे पूर्व)

नाही, आणि हे नीट समजून घ्या. पृथ्वी गोल आहे, रडारच्या लहरी बहुतांशी सरळ जातात. रडार पाण्यापासून १५ मीटर उंचीवर असेल, तर तेवढ्याच उंचीचं जहाज साधारण ३२ किलोमीटरवर दिसू लागतं. लाटांवरून चार मीटर उंचीने येणारं क्षेपणास्त्र २४ किलोमीटरच्या आसपास. ते ध्वनीच्या वेगाहून थोडंच कमी वेगाने येत असेल, तर ओळखायला, ठरवायला आणि तोफ वळवायला हातात जेमतेम दीड मिनिट उरतं. अरबी समुद्रावरच्या हवेच्या थरांमुळे लहरी कधी वाकून फार लांब जातात, हे खरं. पण रोजच्या हवामानावर युद्धाचा भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून लांबचं लक्ष्य दाखवायला दुसरे डोळे लागतात: हेलिकॉप्टर, समुद्रावर टेहळणी करणारं पी-८आय विमान, मोठी नौका, आणि त्यांची माहिती तत्काळ पोहोचवणारा दुवा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांसोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' या मोठ्या नौका होत्या. या जोडीचं महत्त्व आपण विसरतो आणि केवळ क्षेपणास्त्रांच्या गोष्टी सांगतो.

नवी यंत्रणा बसवली की काम संपत नाही. छोट्या नौकेच्या एकाच मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, रडार, संपर्काचे अँटेना, शत्रूच्या लहरी हुडकणारे संवेदक अशी गर्दी होते आणि ती एकमेकांना आंधळं करतात. ४ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात ब्रिटिश युद्धनौका 'शेफील्ड'वर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, तेव्हा तिच्यावरून उपग्रहाद्वारे संपर्क चालू होता आणि त्यामुळे इशारा देणाऱ्या यंत्रणेत अडथळा आल्याचं मानलं जातं. खरेदीच्या जाहिरातीत पल्ला ठळक छापतात. या यंत्रणा एकमेकींना अडथळा करत नाहीत ना, ही चाचणी मात्र रिफिट, म्हणजे गोदीतली मोठी दुरुस्ती, लांबला की सगळ्यात आधी आखडती घेतली जाते. मला याचीच चिंता वाटते.

आमच्या अभियांत्रिकी प्रकल्पात रडार वर नेण्यासाठी मास्ट पाच मीटरने वाढवला तर? (ऐरोली)

गुरुत्वमध्य वर जाईल आणि नौका जास्त कलेल. तेवढ्या उंचीवरच्या प्रत्येक किलोचा हिशेब खाली वजन वाढवून किंवा काही काढून चुकवावा लागतो. आकडे एखाद्या नौका-स्थापत्यतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वागळे इस्टेटमध्ये आमचा कारखाना आहे. एक मध्यस्थ म्हणतो, पैसे दिले तर नौदलाला सुटे भाग पुरवण्याची नोंदणी करून देतो.

देऊ नका. संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर देशात बनवायच्या वस्तूंची यादी पाहा आणि संबंधित सरकारी कार्यालयाशी थेट बोला. दर्जातपासणी हाच खरा दरवाजा आहे.

गोदीच्या कंपनीचे शेअर घ्यावेत का? (घोडबंदर रोड)

हा माझा विषय नाही. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला विचारा.

निवृत्त झालेली छोटी नौका नव्या शस्त्रांनी पुन्हा वापरात का आणत नाहीत? (कल्याण)

कारण शस्त्र बदलता येतं, थकलेला सांगाडा नाही. पत्र्याची जाडी, इंजिनाचं उरलेलं आयुष्य आणि वीजनिर्मितीची क्षमता तपासल्यावरच निर्णय होतो. नवं रडार आणि त्याला थंड ठेवणारी यंत्रणा जास्त वीज खातात, जुना जनरेटर ती पुरवेलच असं नाही. मात्र एखाद्या विशिष्ट नौकेबद्दल मत द्यायचं तर तिचा सर्वेक्षण अहवाल हातात हवा. फोटो पाठवून विचारू नका.