गेम टाकून देता का?

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

कोपरखैरण्यात गाळा घेतलास, अजून पाटीही लागली नाही आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "गेम टाकून देता का?" म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेल्या चोरीच्या प्रती कन्सोलमध्ये भरून देता का. यात नवल काही नाही. गोखले रोड असो की वाशीचं सेक्टर १७, हातातले कन्सोल दुरुस्त करणाऱ्याला हे ऐकावंच लागतं. तुझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. टाकून दिले तर नेमकं कोणाचं बुडतं? कंपन्या तर खोऱ्याने ओढतात. तू हिशेब विचारलास, तेव्हा उपदेश बाजूला ठेवून हिशेबच करू.

आधी सगळ्यात फुगवलेला आकडा. २०१० साली जपानमधल्या गेम कंपन्यांच्या 'सेसा' या संघटनेने टोकियो विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेला हाताशी धरून जाहीर केलं, की २००४ ते २००९ या काळात निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी या हातातल्या कन्सोलवरच्या गेमच्या पायरसीने, म्हणजे चोरीच्या प्रतींमुळे, जगभरात सुमारे ३ लाख ८१ हजार कोटी येन बुडाले. हा आकडा आला कसा? जपानमधले सर्वाधिक खपाचे वीस गेम घेतले, पायरसीच्या साइटांवरून ते किती वेळा उतरवले गेले ते मोजलं आणि किमतीने गुणलं. त्यावरून जपानपुरतं नुकसान काढलं ९५ हजार ४०० कोटी. मग जगाच्या बाजारात जपानचा वाटा पाव धरून त्याला सरळ चारने गुणलं. यात मोठी गोम ही, की उतरवलेली प्रत्येक प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री असं धरलंय. आठवीतला पोरगा कार्डात चाळीस गेम भरून घेतो आणि तीन खेळतो. पायरसी नसती तर त्याच्या बापाने चाळीस विकत घेतले असते का? एखादा घेतला असता, तोही दिवाळीला.

म्हणून बुडत काहीच नाही, असंही म्हणू नकोस. डीएसवर चोरीचे गेम चालवणारी आर-४ कार्डं जगभर मिळत होती. निन्टेन्डोने ५४ गेम कंपन्यांना बरोबर घेऊन टोकियोच्या न्यायालयात दावा लावला आणि २००९ च्या फेब्रुवारीत त्या कार्डांच्या विक्रीवर तिथे बंदी आली. तरीही डीएस खपले १५ कोटी ४० लाख आणि त्यांचे गेम जवळजवळ ९५ कोटी, म्हणजे एका यंत्रामागे सहा. निन्टेन्डोच्याच पुढच्या स्विच या कन्सोलचं कुलूप २०१८ च्या एप्रिलमध्ये उघडलं. दोष प्रोसेसरमध्येच कोरलेला होता, तो अपडेटने बुजणारा नव्हता, म्हणून त्या वर्षाच्या मध्यापासून कारखान्यातच चिपमध्ये दुरुस्ती करावी लागली. तरी स्विच १५ कोटींच्या वर गेले आणि गेम १३० कोटींच्या वर, एका यंत्रामागे जवळपास नऊ. उलट सोनीचा पीएस व्हिटा बघ. २०१६ पर्यंत तो जवळपास अभेद्य होता आणि तरीही आपटला. मेमरी कार्ड सोनीचंच लागायचं, तेही महाग, आणि मोठे गेम यायचे थांबले. कडीकुलूप भक्कम, पण दुकानात यायला गिऱ्हाईकच नव्हतं.

मग बुडतं कुठे? सुरुवातीच्या आठवड्यांत. २०२४ साली प्रसिद्ध झालेला पीसीवरच्या ८६ गेमचा एक अभ्यास आहे. कॉपी रोखणारं संरक्षण पहिल्याच आठवड्यात फुटलं तर उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटतं. बारा आठवड्यांनंतर फुटलं तर फरक जवळजवळ शून्य. तो पीसीचा आहे, हॅण्डहेल्डचा नाही, पण खपाचा उतार दोन्हीकडे तसाच असतो, म्हणून मला तो उपयोगी वाटतो. युरोपियन कमिशननेही एक मोठा अभ्यास करवून घेतला होता. २०१५ मध्ये तयार झालेला तो अहवाल लोकांसमोर आला २०१७ मध्ये. गेमची विक्री पायरसीने घटते असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. उलट आकडा किंचित वाढीकडे झुकला. पण त्यातली चूकभूल इतकी मोठी आहे, की तो अहवाल तोंडावर फेकणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नकोस.

मोठ्यांना हा फटका सोसतो. स्विचचा 'टीअर्स ऑफ द किंगडम' हा गेम १२ मे २०२३ ला आला. त्याआधीच तो दहा लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला, असं निन्टेन्डोनेच पुढे युझू या, स्विचचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या एम्युलेटरवरच्या दाव्यात लिहिलं. आणि पहिल्या तीन दिवसांत तो खपला एक कोटीच्या वर. पण चार जणांनी दोन वर्षं खपून केलेल्या गेमला असले तीन दिवस मिळत नाहीत. त्यांचा पुढचा गेम पहिल्या दोन महिन्यांच्या विक्रीवरच ठरतो. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत बसून कोडिंग करणारी पोरं उद्या असला गेम काढतील, तेव्हा मार त्यांना बसेल.

दुसरं बुडणारं माणूस म्हणजे तू. गिऱ्हाइकाने हजार रुपये दिले, तू चाळीस गेम टाकलेस, तो खूश. आता तो कार्ट्रिज, म्हणजे गेमची अस्सल डबी, विकत घेणार नाही, बदलायलाही येणार नाही. येईल तो रात्री साडेनऊला, "अपडेट झालं, काही चालत नाही" म्हणत, आणि ते काम तुला फुकट करावं लागेल. त्याऐवजी समज, एक जुनं कार्ट्रिज दोन हजाराला घेतलंस आणि अडीच हजाराला दिलंस. तो माणूस खेळून झाल्यावर तेच तुला दोन हजाराला परत देतो आणि दुसरं नेतो. एकच कार्ट्रिज वर्षात चार वेळा फिरलं तर दोन हजार सुटले, आणि माणूस चार वेळा काउंटरवर आला. त्यातल्या एका खेपेला तो सुजलेली बॅटरी घेऊन येतो.

स्विचचं कुलूप तोडणारी चिप बसवण्याचं काम तर हातातच घेऊ नकोस. स्विचच्या ओएलईडी आणि लाइट मॉडेलमध्ये तिच्या तारा प्रोसेसरजवळच्या मोहरीहून बारीक कपॅसिटरवर टाकतात. सोल्डरिंगचं लोखंड क्षणभर जास्त टेकलं की बोर्डावरचं पॅड उखडतं. साठवणीची चिप बदलून तरी बोर्ड चालू होईल म्हणशील, तर तेही नाही. आतला डेटा त्याच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असतो. शिवाय कायदा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रती विकणं कलम ६३ मध्ये येतं, तिथे सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख. "घरगुती वापरासाठी" ही सबब काउंटरवाल्याला मिळत नाही.

बॅन झालेले, म्हणजे निन्टेन्डोने ऑनलाइन बंद केलेले, स्विच सेकंडहँडमध्ये फिरतात, ते तुझ्या गळ्यात पडू देऊ नकोस. बॅन यंत्रावर असतो; खातं बदललं तरी तो जात नाही. घेण्याआधी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोड आणि ई-शॉप हे निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान उघड. नुसतं वायफाय जोडलं गेलं म्हणजे झालं, असं समजू नकोस; बॅन झालेलं यंत्रही इंटरनेटला जोडलं जातं आणि अपडेटही घेतं. २१२४-४५०८ हा एरर आला की ते ऑनलाइनसाठी मेलं, भाव सुट्या भागांचाच. मग सेटिंगमधला सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताड, मागच्या तीन पाकळ्यांच्या स्क्रूंवर ओरखडे आहेत का बघ. अस्सल चार्जर मीटरमधून लाव. १५ व्होल्टपर्यंत चढायला हवं. ५ वरच अडकलं तर बहुतेक वेळा टीव्हीला जोडायच्या स्वस्त डॉकने आतली एम-९२ पॉवर चिप उडवलेली असते. हे सगळं दहा मिनिटांत होतं. स्विच २ ला हे आणखी काटेकोर कर. २०२५ च्या जूनमध्ये ते यंत्र आलं आणि त्याच महिन्यात गेमच्या प्रती चालवणारं कार्ड लावणाऱ्यांची यंत्रं ऑनलाइनसाठी बॅन होऊ लागली.

आता तुझी खरी कमाई. स्विच इथे आयात होऊनच येतो, म्हणजे गिऱ्हाइकासाठी सर्व्हिस सेंटर तूच. सर्वांत जास्त येईल ती जॉय-कॉनची, म्हणजे स्विचच्या बाजूला लागणाऱ्या कंट्रोलरची, स्टिक, जी हात न लावता एका बाजूला सरकते. आतला कार्बनचा पट्टा घासून गेलेला असतो, म्हणून स्प्रे मारून मिळालेलं सुख दोन आठवडे टिकतं. बदलूनच दे. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे, त्यांना दीड मिलिमीटरचं वाय टोक. आतले स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण जपानी मापाचे असतात, त्यांना जेआयएस ०००च लाव, नाहीतर डोकं गोल होऊन बसतं. झाकण वहीसारखं हळूच उघड, दोन्ही भाग पट्टी-वायरींनी जोडलेले असतात. आधी बॅटरीचा कनेक्टर उचल, मग ५२५ एमएएचची बॅटरी प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडव, धातूचं टोक अजिबात नको. खालची चौकट तीन स्क्रूंवर, स्टिक दोन स्क्रूंवर. नवशिके पट्टी-वायरीच्या काळ्या कुलपाशी चुकतात. ते वर उचलायचं असतं, ओढायचं नसतं. ते तुटलं की वीस मिनिटांचं काम सूक्ष्मदर्शकाखाली जातं. लोहचुंबकावर चालणारी हॉल स्टिक थोडी महाग पडते, पण तिच्यात घासायला काही नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही भाव सांग आणि निवड त्याच्यावर सोड. शेवटी सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन. स्टिक गोल फिरवून दहा वेळा सोड, दहाही वेळा मधोमध परत आली पाहिजे.

पावसाळ्यात खाडीकाठची हवा तुला वेगळं गिऱ्हाईक देईल. कार्ट्रिजच्या पिना हिरवट होतात, गेम मध्येच अडकतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून एकाच दिशेने पूस, पाच मिनिटं सुकू दे. फुंकर मारू नकोस, थुंकीनेच गंज येतो. साठ्याच्या डब्यात सिलिका जेल ठेव. आणि स्विचचं कार्ट्रिज तोंडात धरू नकोस; लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्यावर मुद्दाम कडूजहर लेप दिलेला असतो.

जुनी कार्ट्रिज घेताना नकली ओळखायला शीक. निन्टेन्डोच्या जुन्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजचा स्क्रू तीन पाकळ्यांचा, लेबलवर दाबून उमटवलेला आकडा, कडेच्या फटीतून बोर्डावर निन्टेन्डोचं नाव दिसतं. त्यावरच्या 'पोकेमॉन एमराल्ड' या गेमची बॅटरी संपली तर अस्सलमध्ये फक्त घड्याळ थांबतं, सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, जात नाही. सेव्ह उडाला तर तुला कॉपी विकलेली आहे. मेमरी कार्डही पूर्ण भरून, परत वाचून तपासल्याशिवाय देऊ नकोस. ६४ जीबी लिहिलेलं कार्ड आठावर दम तोडतं.

'४०० इन १' डबे ठेवावेत का, असं तू विचारलं आहेस. नोकियाची बीएल-५सी बॅटरी असलेले ते डबे स्टेशनबाहेर सर्रास मिळतात आणि गेम आधीच भरलेले असल्यामुळे हात झटकता येतील, असं वाटतं. तसं नाही. इटलीत २०२४ मध्ये अशी १२ हजार यंत्रं जप्त झाली, त्यांत गेम होते ४ कोटी ७० लाख, आणि गुन्हे नोंदवले गेले ते विकणाऱ्यांवर.

एका बाबतीत मात्र कंपन्यांची बाजू मला पटत नाही. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं. तिथेच मिळणारे कित्येक गेम आज पैसे देऊनही घेता येत नाहीत. असं गिऱ्हाईक आलं तर त्याला चोर ठरवू नकोस. जे कार्ट्रिजवर निघालं होतं ते शोधून दे, आणि जे निघालंच नव्हतं त्याबद्दल "मिळत नाही" एवढंच खरं सांग. थ्रीडीएसची जुनी कार्ट्रिज आत्ताच गोळा करायला लाग, भाव चढताहेत.

काउंटरवर बोलायचं वाक्य साधं ठेव: "टाकून देत नाही, बदलून देतो." पहिल्या महिन्यात दहातले सात जण निघून जातील, जाऊ देत. उरलेल्या तिघांची नावं वहीत लिहून ठेव, आणि त्यांच्याकडे कोणते गेम आहेत तेही.

तुझ्याकडे आलेल्या त्या पीएसपीचं मागचं झाकण फुगलंय म्हणतोस. तो ३००० मॉडेलचा असेल तर मूळ बॅटरी १२०० एमएएचची. तेवढ्याच जाडीच्या बॅटरीवर ३६०० लिहिलेलं दिसलं तर ते खोटं. चार्जिंगला लावू नकोस, दाबून बसवायलाही जाऊ नकोस. रविवारी घेऊन ये. बॅटरी काढून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेव, टोकांवर चिकटपट्टी लाव, आणि ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत तो डबा खिशात ठेवू नकोस.

तुझा,
नौपाड्याचा काका